नमाजेत दिसणारा नकाशा : व्हिडिओ गेमचे व्यसन आणि त्यातून सुटका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इशाच्या नमाजेनंतर मशीद रिकामी झाली होती आणि मी दिवे मालवण्याच्या बेतात होतो. अकरावीत शिकणारा आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगा खांबाआड थांबलेला दिसला. बराच वेळ खाली पाहत राहिल्यावर त्याने विचारले, “मौलाना, नमाजेत उभा राहिलो की मला गेमचा नकाशा दिसतो. कुठे उतरायचे, कुठल्या घरात बंदूक सापडेल, हेच डोळ्यांपुढे येत राहते. किती रकाती झाल्या तेही आठवत नाही. माझी नमाज होते का?”

त्याचा प्रश्न नमाजेविषयी होता. मी उत्तर गेमविषयी दिले. असले खेळ हराम आहेत, ते सैतानाचे जाळे आहे, आजच्या आज फोनमधून काढून टाक, असे सांगून मी मोकळा झालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. पण पुढच्या जुम्याच्या बयानात मी मोबाइलमध्ये बुडालेल्या पिढीवर अर्धा तास बोललो. नाव घेतले नाही, तरी खाडीकाठच्या एवढ्याशा गावात नाव घ्यावे लागत नाही. त्यानंतर तीन आठवडे तो मुलगा मशिदीत आला नाही.

वाचकहो, हा लेख म्हणजे माझ्या त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. इस्लामने खेळ निषिद्ध ठरविलेला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या वेळची फेड झाली असे त्यांनी हसत म्हटले. ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करीत होते, तेव्हा प्रेषितांनी आपल्या चादरीची आड करून हजरत आयशांना तो खेळ पाहू दिला आणि त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. ज्या धर्माच्या पैगंबरांनी मशिदीत खेळ होऊ दिला, त्या धर्माचा इमाम मुलाला ‘खेळतोस म्हणून तू वाया गेलास’ असे सांगू लागला, तर मुलाने कोणावर विश्वास ठेवावा?

खेळ जायज असला तरी तो आपल्या जागी असावा लागतो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दिवसभर रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजेत उभे राहत. घरी नवी पत्नी होती, तिच्याकडे लक्ष नव्हते. त्यांच्या वडिलांनी ही गोष्ट प्रेषितांच्या कानी घातली. प्रेषितांनी मुलाला बोलावून आधी त्यालाच विचारले की, मी ऐकतो ते खरे आहे काय? मग समजाविले की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, पत्नीचा हक्क आहे, भेटीस येणाऱ्याचा हक्क आहे. महिन्यात तीन रोजे पुरेत, असे त्यांनी सुचविले; मुलाने अधिकाची परवानगी मागितली आणि ती थोडी थोडी वाढवीत एक दिवसाआड रोजापर्यंत आली. म्हातारपणी हेच अब्दुल्लाह म्हणत की प्रेषितांनी दिलेली सवलत तेव्हा घेतली असती तर बरे झाले असते. इबादतीलासुद्धा इतरांचे हक्क खाऊन वाढण्याची मुभा नाही. मग रात्री अडीच वाजेपर्यंत डोळे जाळणाऱ्या गेमला ती कोठून मिळणार?

म्हणून व्यसन ओळखताना घड्याळातले तास मोजत बसू नये; त्या तासांनी कोणाचा हक्क खाल्ला हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला. ती आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यातही तासांची मर्यादा सांगितलेली नाही. तीन लक्षणे सांगितली आहेत : खेळावर स्वतःचा ताबा न उरणे, इतर कामे व आवडी मागे पडून गेमच सर्वांत पुढे येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. ही अवस्था सर्वसाधारणपणे बारा महिने टिकलेली असावी आणि तिने घर, शिक्षण, काम यांत ठळक बिघाड केलेला असावा, अशीही अट आहे. तेव्हा सुटीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला लगेच व्यसनी म्हणू नये. तो शिक्का लवकर चिकटतो आणि उशिरा निघतो.

वैद्यांच्या या खुणांना आपण घरच्या खुणा जोडू शकतो. पवित्र कुरआनने सूरह अल-माइदा (आयत ९१) मध्ये दारू व जुगाराच्या निषेधाचे कारण दिले आहे, ते असे की सैतान त्यांच्याद्वारे तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजेपासून अडवू इच्छितो. गेम म्हणजे दारू, असे मी म्हणत नाही. तो कियास मी एकदा घाईने केला आणि त्याचे फळ पाहिले. पण कारणात सांगितलेल्या या दोन्ही गोष्टी, घरातले वैर आणि नमाजेतला अडथळा, मोजपट्टी म्हणून उत्तम आहेत. फोन मागितला की मुलगा आईवर ओरडतो काय? अजान ऐकून ‘एवढी एक मॅच’ म्हणतो आणि ती मॅच संपेपर्यंत वक्त निघून जातो काय? आणि तिसरी खूण, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : तो खोटे बोलू लागला आहे काय? हौसेने खेळणारा मुलगा खेळ सांगत फिरतो. लपविणारा मुलगा आतून हरलेला असतो.

ही खूण मोठ्यांनाही लागू आहे. बयान चालू असताना शेवटच्या सफेत फोनवर लुडो खेळणारे चाळिशीतले दोघे मी मिम्बरावरून पाहिले आहेत. त्यांच्यावर कोणी बयान करीत नाही.

एवढी एक मॅच

मुलाने फोन खाली का ठेवला नाही, हे समजायला मला त्याच्या शेजारी बसून तो खेळ पाहावा लागला. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. एका फेरीला जवळजवळ अर्धा तास लागतो. ही फेरी मध्येच थांबविता येत नाही. आपण लहानपणी मैदानात क्रिकेट खेळत असू आणि असरची अजान झाली की बॅट टेकवून निघत असू. आल्यावर धावसंख्या तीच असे. येथे तसे नाही. सोडून गेलात तर मारले जाता, चौघांच्या संघातील उरलेले तिघे तुमच्यामुळे हरतात, आणि महिनाभर चढविलेली श्रेणी खाली येते. म्हणजे मुलगा ‘थांब, आलो’ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी तो उद्धटपणा नसतो. खेळाची बांधणीच अशी आहे की उठण्याची किंमत पडावी.

शिवाय रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. पेटी उघडली की कधी काहीच नाही, कधी भारी वस्तू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखविले होते की दाणा दर वेळी मिळण्याऐवजी अनिश्चित वेळी मिळत असेल तर पक्षी अधिक चिवटपणे चोच मारीत राहतो. जुगाराच्या यंत्रांचे तत्त्व तेच आणि या पेट्यांचेही तेच. आत काय आहे ते माहीत नसताना पैसे देऊन पेटी उघडणे ‘मैसिर’च्या, म्हणजे कुरआनने मनाई केलेल्या जुगाराच्या, फार जवळ जाते. बेल्जियमने २०१८ सालीच अशा पेट्यांना आपल्या जुगारविषयक कायद्याच्या कक्षेत धरले. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. रमी, पत्ते आणि पैज लावण्याचे ॲप यांबाबत तर शरीअतच्या दृष्टीने पूर्वीही प्रश्न नव्हता. तेथे प्रमाण पाहायचे नसते; ते सोडायचेच असते.

आमच्या त्या मुलाने आईच्या फोनवरील यूपीआयने तीन महिन्यांत चार हजार दोनशे रुपये खर्चले होते. वडील कुवेतला ड्रायव्हर. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घर चालायचे. हिशेब जुळेना म्हणून आईने दुकानदाराशी भांडण केले, आणि मग बँकेचा कागद पाहून ती गप्प बसली. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही. इकडे मुलगा लपवीत होता, तिकडे आई लपवीत होती. रजेवर आलेल्या वडिलांना अखेर कळले तेव्हा त्यांनी फोन अंगणातल्या चिऱ्यावर आपटला. तो फोन त्यांनीच मागच्या रजेत आणला होता.

फोन फुटला, पण चार दिवसांत मुलगा मित्राच्या घरी रात्री काढू लागला. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद केला तेव्हाही मोहल्ल्यातल्या मुलांनी आठवड्याभरात दुसरा तसलाच खेळ शोधला होता. खेळ गेला, भूक तशीच राहिली.

टप्प्याटप्प्याने

कोणतीही घट्ट सवय अल्लाहने कशी सोडविली, हे पाहावे. दारूचा निषेध एका दिवसात उतरला नाही. प्रथम सूरह अल-बकरामध्ये सांगण्यात आले की तिच्यात काही लाभ असला तरी तिची हानी लाभाहून मोठी आहे. मग सूरह अन-निसामध्ये नशेत असताना नमाजेजवळ जाऊ नका, जोपर्यंत आपण काय म्हणत आहोत हे कळत नाही तोपर्यंत, अशी आज्ञा झाली. पाच वक्तांच्या मधला वेळ केवढासा? पिणाऱ्याचा दिवस आपोआप आखडला. आणि मन तयार झाल्यावर सूरह अल-माइदामध्ये पूर्ण मनाई आली, तेव्हा मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. हजरत आयशा (रजि.) म्हणत की पहिल्याच दिवशी ‘दारू पिऊ नका’ अशी आज्ञा आली असती, तर लोकांनी ‘आम्ही ती कधीच सोडणार नाही’ असे म्हटले असते. त्याआधी जन्नत व दोजखची, अल्लाहच्या ओळखीची बीजे मनांत पडावी लागली.

मी मात्र मुलाला पहिल्या दिवशी शेवटची आयत ऐकविली होती.

एका तरुणाने प्रेषितांकडे येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली होती. उपस्थितांनी त्याला दटावले. प्रेषितांनी त्याला जवळ बसविले, तुझ्या आईबाबत, मुलीबाबत, बहिणीबाबत कोणी असे करावे हे तुला चालेल काय, असे एकेक करून विचारले आणि मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. ही हदीस मी मदरशात पाठ केलेली होती. चौथ्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. मग फक्त एवढेच विचारले की तुला त्यात काय मिळते?

तो म्हणाला, “तिथे मला लोक ओळखतात.”

दहावीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत बऱ्यापैकी होता. तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला गेला, इंग्रजी समजेना, पहिल्या चाचणीत तीन विषयांत गेला. वडील दूर, आई हिशेबात. गेममध्ये त्याची श्रेणी मात्र वर होती आणि रात्री हेडफोनमधून तीन आवाज त्याला नावाने हाक मारीत. हे कळल्यावर फोनचा प्रश्न माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकावर गेला.

पुढे जे केले ते सांगतो. यातले काही आपल्याही घरी उपयोगी पडेल. पहिला आठवडा त्याने काहीच सोडायचे नव्हते, फक्त वहीत लिहायचे : केव्हा खेळलो आणि त्याच्या आधी काय झाले होते. वहीने दाखविले की सर्वांत लांब खेळ कॉलेजातून परतल्यावर, असरच्या सुमारास सुरू होत होता. दुसरी गोष्ट सूरह अन-निसाच्या धर्तीवर : खेळ नमाजेच्या आधी नाही, नमाजेच्या नंतर. वक्ताला पाऊण तास उरला असेल तर मॅच सुरूच करायची नाही, कारण ती थांबविता येत नाही. इशानंतर आईच्या खोलीत सर्वांचे फोन, आईचासुद्धा. प्रेषितांना इशानंतरच्या निष्कारण गप्पा आवडत नसत, ही सुन्नत या काळात पाळायची तर ती अशीच पाळावी लागेल. आईच्या यूपीआयचा पिन बदलला आणि वडिलांना सर्व सांगितले गेले, मुलाच्या तोंडून, मी शेजारी बसलो असताना.

दीड महिन्याने त्याने स्वतः गेमचे खाते मिटविले. नुसते ॲप काढून उपयोग नसतो. श्रेणी, मित्र, जमविलेल्या वस्तू खात्यात राहतात आणि रात्री दोन मिनिटांत सर्व परत येते. खाते मिटविताना तो रडला. हसू नये. दोन वर्षांची कमाई होती ती.

त्यानंतरचे दोन आठवडे आईवडिलांनी ध्यानात ठेवावेत असे होते. चिडचिड, झोप न लागणे, जेवणावर राग, कशातच मन नाही. पुष्कळ पालक नेमके येथे हरतात; त्यांना ही बेअदबी वाटते आणि मार दिला जातो. ती उतरणारी सवय असते. वडील तेव्हा कुवेतला परतले होते. त्यांनी रोज रात्री दहा मिनिटे फोन करून अभ्यासाविषयी एक शब्द न काढता फक्त त्याच्याशी बोलायचे, असे आम्ही ठरविले. पहिल्या काही दिवसांत बोलायला विषय सापडेना, असे त्यांनीच मला सांगितले.

असरची पोकळी भरणे बाकी होते. रिकामी जागा रिकामी राहत नाही. मशिदीच्या हौजाची मोटर असरपूर्वी चालू करून टाकी भरण्याचे काम मी त्याला दिले. काम लहान आहे, पण तो आला नाही तर लोकांना वुजूला पाणी नसते, आणि लोक त्याचे नाव घेऊन विचारतात. त्यानंतर मोहल्ल्याच्या मैदानात व्हॉलीबॉल. इंग्रजीसाठी जमातीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून तीन दिवस वेळ दिला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, काहींना आवडणार नाही. मधल्या काळात नातेवाइकांनी त्या मुलाला तावीज बांधण्यासाठी एका ठिकाणी नेले होते. त्याच्यावर कसलीही बाधा नव्हती. प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले आहे, उपचार करा, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मुलगा खेळ सोडल्यानंतरही महिनोन् महिने उदास राहत असेल, जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, किंवा मारहाणीवर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ पासून अशा व्यसनांसाठी स्वतंत्र क्लिनिक चालविले आहे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. इमामाकडे जाणे आणि डॉक्टरकडे जाणे यांत निवड करावी लागत नाही.

हे सर्व सरळ रेषेत झाले नाही. पहिल्याच रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत जागणाऱ्या मुलांच्या घोळक्यात तो बसला आणि दुसऱ्याच्या फोनवर दहा रात्री खेळला. रमजानच्या रात्री आपल्या मोहल्ल्यांत काय चालते, याकडे आपण जमात म्हणून कधीतरी पाहिले पाहिजे; तो स्वतंत्र विषय आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याने येऊन सांगितले. आपणहून सांगितले, हे मी मोजले. अल्लाहला ते अमल अधिक प्रिय आहे जे थोडे असले तरी सतत चालते, अशी हदीस आहे. मी त्याला उद्यापासून पुन्हा वही लिहायला सांगितली. आता तो बारावी झाला आहे. शुक्रवारी दुपारी धाकट्या भावाबरोबर फुटबॉलचा एक गेम खेळतो, जो मध्येच थांबविता येतो.

त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी चौथ्या आठवड्यात, माफी मागितली त्याच दिवशी दिले. नमाज होते. सैतान नमाजीच्या मनात येऊन अमुक आठव, तमुक आठव असे म्हणत राहतो, इतके की किती रकाती झाल्या ते माणसाला कळेनासे होते, हे खुद्द प्रेषितांनी सांगून ठेवले आहे आणि त्यावरचा उपायही दिला आहे. तीन की चार असा संशय आला तर तीन धराव्यात, उरलेली पुरी करावी आणि शेवटी सहूचे दोन सजदे करावेत. नकाशा दिसला म्हणून नमाज सोडू नये.

सुन्नत पढताना तो अजूनही कधी कधी शेवटी दोन सजदे जादा करताना दिसतो. मी विचारत नाही.